परतीची वेळ : साडेदहा

डेथ व्हॅलीच्या तीन दिवसांच्या ट्रिपसाठी मी चौदा स्पॉट्सचं फर्मास एक्सेल शीट बनवलं होतं. बाबांनी त्यात एकच कॉलम वाढवला. मी तो डिलीट केला. पुढे काय झालं, त्याची ही गोष्ट.

‘‘अगं, पण नावातच डेथ आहे ना? मग मुद्दाम कशाला जायचं तिकडे?’’

आईचा हा पहिला प्रश्न. पुण्याहून आमच्याकडे सॅन होजेला येऊन तिला जेमतेम तीन दिवस झाले होते. जेटलॅगमुळे पहाटे तीनलाच उठून बसलेली आई आणि तिच्यासमोर लॅपटॉप उघडून बसलेली मी. आईबाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. त्यांना गोल्डन गेट दाखवून झाला होता, मॉल दाखवून झाले होते, ‘इथे भाजी किती महाग गं’ हेही म्हणून झालं होतं. आता काहीतरी सॉलिड करायचं होतं.

बाबा म्हणजे सह्याद्रीतले जुने भटके. वय एकसष्ट, बँकेतून रिटायर्ड, पण अजूनही महिन्यातून एकदा सॅक पाठीला लावून गायब होणारे. राजगड किती वेळा केला ते त्यांनी मोजणं सोडून दिलंय. अशा माणसाला डिस्नेलँडला नेऊन काय करणार? म्हणून नवरोबा आणि मी ठरवलं, डेथ व्हॅली नॅशनल पार्क. वाळवंट, डोंगर, मिठाचं मैदान, हायकिंग... सगळं एकाच ठिकाणी. ‘‘वाळवंट? चालेल की,’’ बाबा म्हणाले. ‘‘पुण्यातला एप्रिल बघितलेली माणसं आम्ही!’’

मग काय, ठरलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार.

दोन कळसूबाई, एकावर एक

मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ऑफिसात लोक मला ‘शीटवाली’ म्हणतात (तोंडावर नाही, पण मला माहितीये). ट्रिपचं प्लॅनिंग म्हणजे माझ्यासाठी अर्धी ट्रिप. तर आधी थोडा होमवर्क, तुमच्यासाठीही.

डेथ व्हॅली कॅलिफोर्नियाच्या पूर्व टोकाला, नेवाडाच्या हद्दीला खेटून आहे. थोडा भाग तर नेवाडातच येतो. अलास्का सोडलं तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क हेच. आपला अख्खा सातारा जिल्हा त्यात बसेल आणि वर जागा उरेल! १९३३ मध्ये याला नॅशनल मॉन्युमेंटचा दर्जा मिळाला आणि १९९४ मध्ये नॅशनल पार्कचा.

इथलं बॅडवॉटर बेसिन हे उत्तर अमेरिकेतलं सर्वात खोल ठिकाण. समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. आणि तिथूनच पश्चिमेला मान वर केली की दिसतं ते टेलिस्कोप शिखर, ३,३६८ मीटर. म्हणजे पायथ्यापासून शिखरापर्यंत सुमारे साडेतीन हजार मीटर. एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कमीच पडेल. आता बोला!

आणि ऊन? १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. जगातलं अधिकृत विक्रमी तापमान अजूनही तेच आहे. जुलैतलं दुपारचं सरासरी तापमानच ४७ अंश असतं. पाऊस म्हणाल तर वर्षाला साधारण दोन इंच. आपल्याकडे जुलैतल्या एखाद्या दुपारी पडून जातो तेवढा.

कारणही गंमतशीर आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग आधी सिएरा नेवाडा ओलांडतात, मग आणखी दोन-तीन डोंगररांगा. प्रत्येक रांगेवर थोडं थोडं पाणी सांडत इथवर पोचेपर्यंत बिचाऱ्यांकडे काही उरतच नाही. आपल्याकडे महाबळेश्वर धो-धो भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो ना, तोच हिशेब, फक्त कैकपट मोठा. त्यात ही दरी खोल आणि अरुंद. तापलेली हवा वर जाते, डोंगरांमध्ये कोंडते, पुन्हा खाली येते आणि आणखी तापते. थोडक्यात, भट्टी.

हे सगळं वाचून मी शीट बनवलं. तीन दिवस, चौदा स्पॉट्स, प्रत्येकासमोर पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, मैल, कलर कोडिंग. पिवळं म्हणजे साइटसीइंग, हिरवं म्हणजे हायकिंग. नवरोबाने बघून ‘‘यात शू-शूला कुठला रंग?’’ असं विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

काट मारण्याची कला

बाबांनी मात्र शीटची प्रिंट मागितली. चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि डायनिंग टेबलवर नकाशा पसरला.

पहिली काट रेसट्रॅक प्लायावर. ही जागा माझी ड्रीम लोकेशन! कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर दगड आपोआप सरकतात आणि मागे लांब रेघ सोडतात. कित्येक वर्षं कुणाला कळत नव्हतं कसं ते. शेवटी डिसेंबर २०१३ मध्ये संशोधकांनी दगड सरकताना प्रत्यक्ष पाहिले आणि २०१४ मध्ये उत्तर छापून आलं. हिवाळ्यात तळ्यात थोडं पाणी साचतं, रात्री त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, सकाळी उन्हाने तो तुटतो आणि हलक्या वाऱ्यावर तरंगणारे ते मोठे मोठे तुकडे दगडांना ढकलत नेतात.

‘‘रस्ता कसा आहे?’’ बाबांनी विचारलं.

शेवटचे सव्वीस-सत्तावीस मैल कच्चा. टोकदार खडी, टायर फाटण्यासाठी प्रसिद्ध. फर्नेस क्रीकहून एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास. मोबाइलला रेंज नाही. आणि आमची भाड्याची गाडी. तिच्या करारातच लिहिलेलं की कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही.

‘‘मग हे लिहिलंस कशाला?’’ काट.

टेलिस्कोप शिखर बाबांनी स्वतःहूनच कापलं, जरा खट्टू होऊन. जाऊन-येऊन चौदा मैल, आणि एप्रिलमध्ये वर बर्फ असू शकतो. वाळवंटाच्या ट्रिपला बर्फातले बूट कोण घेऊन जाणार?

असं करत चौदाचे नऊ झाले. मग बाबांनी उजवीकडे पेनाने एक उभी रेघ मारली आणि नव्या कॉलमला नाव दिलं : परतीची वेळ.

‘‘हे कशाला? निघण्याची वेळ आहे की प्रत्येकासमोर.’’

‘‘निघण्याची वेळ म्हणजे बघून झालं की निघायचं. परतीची वेळ म्हणजे बघून होवो न होवो, जिथे असू तिथून मागे फिरायचं. आमच्या ग्रुपचा चाळीस वर्षांचा नियम आहे.’’

‘‘बाबा, ही काय राजमाची आहे? मार्क केलेले ट्रेल्स असतात इथे.’’ आणि फायनल प्रिंट काढताना मी तो कॉलम डिलीट केला. पान ए-फोरमध्ये बसत नव्हतं, हे माझं अधिकृत कारण.

पाण्याच्या बाबतीत मात्र उलटं झालं. बाबांचा हिशेब माणशी दोन लिटर. सह्याद्रीत तेवढं पुरतं, वर टाकं असतं, वाटेत एखादा धनगरवाडा लागतो. इथे पार्कवालेच सांगतात, माणशी दिवसाला निदान चार लिटर. वाटेत झरा नाही, टाकं नाही, लिंबू सरबतवाल्या मावशी तर नाहीतच. मी चार लिटरवर अडून बसले. पाहरम्प नावाच्या गावात, पार्कआधीच्या शेवटच्या मोठ्या दुकानात, गाडीची डिकी पाण्याच्या कॅन्सनी भरली आणि पेट्रोलची टाकी फुल केली.

पहिला दिवस : शीटनुसार!

सॅन होजेहून विमानाने लास वेगास, तिथून गाडीने साधारण दोन तास. (वेगासच्या एअरपोर्टवरच स्लॉट मशिन्स आहेत. आईने एक डॉलर टाकला, गमावला आणि ‘‘झाली हौस’’ म्हणाली.)

संध्याकाळी आधी डान्टेज व्ह्यू. उंची १,६६९ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा वीसेक मीटर जास्त, पण गाडी थेट वर जाते. कड्यावर उभं राहिलं की बॅडवॉटर सरळ पायाखाली. पांढरंशुभ्र मैदान, जणू कुणी दरीत दूध सांडून ठेवलंय. वर मस्त गार वारा. खालच्यापेक्षा इथे दहाएक अंश तरी कमी असतं. मग सूर्यास्ताला झाब्रिस्की पॉइंट. पिवळ्या-तपकिरी मातीच्या घड्याच घड्या, इस्त्री न केलेल्या पैठणीसारख्या. बाबा बराच वेळ बोललेच नाहीत. माझ्या शीटवर तीन टिकमार्क. मी जाम खूश.

रात्री बाबांनी मुक्कामाच्या खोलीतल्या कागदावर लिहून ठेवलं : ‘गोल्डन कॅनियन. सुरुवात ७. परत फिरणे ९.३०, कुठेही असलो तरी.’

सूर्य पुढे ढकलता येत नाही

गोल्डन कॅनियन ही इथली सगळ्यात लोकप्रिय हायकिंगची वाट. घळीतून आत शिरायचं, मैलभर गेल्यावर फाटा लागतो. सरळ अर्ध्या मैलावर रेड कॅथेड्रल नावाचे लालभडक उभे कडे. दुसरी वाट झाब्रिस्कीखालच्या उघड्या टेकड्यांतून गॉवर गल्चमार्गे फिरून परत येते. माझ्या शीटमध्ये अर्थातच दोन्ही.

सातला सुरुवात झालीच नाही. सूर्योदयाचे फोटो, मग आईचा चहा, मग चहा इथे कसा नीट मिळत नाही यावर चर्चा. गुडघ्यांमुळे आई खोलीवरच थांबणार होती. फर्नेस क्रीकला खजुराची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत पुस्तक घेऊन. तिला सोडून आम्ही तिघं वाटेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

‘‘परत फिरायची वेळ होऊन गेली,’’ बाबा म्हणाले.

‘‘अहो बाबा, आपण अडीच तास उशिरा निघालो ना? मग परतीची वेळ पण अडीच तास पुढे. सिंपल!’’

ऑफिसात मी हेच करते. काम उशिरा सुरू झालं की डेडलाइन सरकवते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुझी मीटिंग पुढे ढकलता येते गं. सूर्य नाही येत.’’

शेवटी नवरोबाने मांडवली केली. साडेदहा. त्याच्या वर एक मिनिट नाही.

सुरुवात झकास होती. दोन्ही बाजूंना सोनेरी भिंती, थोडी सावली. पायाखाली मध्येच डांबराचे तुकडे दिसले. एकेकाळी या घळीतून चक्क गाडीरस्ता होता. १९७६ च्या पुरात तो वाहून गेला. ‘‘वाळवंटात पूर?’’ मी म्हटलं. पण असंच असतं इथे. कोरडी, कडक जमीन पाणी पितच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षभराचा पाऊस पाडला आणि पार्क जवळजवळ दोन महिने बंद ठेवावं लागलं होतं.

बरोब्बर साडेदहाला आम्ही फाट्यावर. समोर रेड कॅथेड्रल अक्षरशः हाकेच्या अंतरावर. बाबांनी घड्याळ पाहिलं, एका भिंतीच्या सावलीत सॅक टेकवली आणि म्हणाले, ‘‘चला. परत.’’

‘‘बाबा, अर्धा मैल! एवढं आलोय तर...’’

‘‘एवढं आलोय तर एवढंच परत जायचंय.’’

मी चिडले. खरं सांगते, चिडले. तीन महिने प्लॅनिंग, रजा, बुकिंग आणि अर्ध्या मैलासाठी माघार? ‘‘तुम्ही दोघं बसा. मी पळत जाऊन येते. पंधरा मिनिटं!’’ जड नको म्हणून सॅक तिथेच ठेवली, अर्धी भरलेली छोटी बाटली हातात घेतली आणि निघाले.

कोरडा टी-शर्ट

इथे एक गोष्ट नीट सांगते, कारण ती मला माहीत नव्हती. आपल्याकडे ट्रेकला घामाच्या धारा लागतात, कपडे चिंब होतात, आपोआप पाणी प्यावंसं वाटतं. वाळवंटात घाम येतो तेवढाच, किंवा जास्तच, पण आला की उडून जातो. अंग कोरडं. त्यामुळे वाटतं, अरे, आपण तर एकदम फ्रेश आहोत! माझा काळा टी-शर्ट कोरडाठक्क होता आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. मी त्याही पाहून हसले होते.

घळ जिथे उघडी होते तिथे सावली संपली. ऊन वरून तर होतंच, भिंतींवरूनही अंगावर येत होतं. पाच मिनिटांत बाटली संपली. मग डोकं ठणकायला लागलं. मळमळलं. आणि मग विचित्र काहीतरी झालं : मला थंडी वाजली. भर उन्हात हातांवर काटा आला, शिरशिरी भरली. मी एका दगडाशी बसले. घड्याळात पाहिलं तर दहा बावन्न. पुढे गेलेली माणसं दिसत होती, त्यांचं बोलणंही ऐकू येत होतं, पण हाक मारावी एवढंही सुचत नव्हतं. ‘थोडं बसू आणि मग कॅथेड्रल करू’, हेच डोक्यात. काय म्हणावं या डोक्याला!

पंधरा मिनिटं म्हटलं होतं. सोळाव्या मिनिटाला बाबा फाट्यावरून निघाले. माझी सॅक त्यांच्या पाठीवर, स्वतःची पोटावर. एकसष्ट वर्षांचा, बीपीची गोळी घेणारा माणूस माझ्यासाठी ती उघडी चढण चढून आला. त्यांच्या मागे नवरा.

ते ओरडले नाहीत. मला भिंतीच्या सावलीत ओढलं, ओढणी भिजवून मानेला गुंडाळली. मिठा-साखरेच्या पाण्याची बाटली त्यांच्या सॅकमध्ये होतीच. ‘‘घोट घोट. गटागटा नाही.’’ उतरणाऱ्या एका अमेरिकन आजींनी न विचारताच पिशवीतून स्प्रेची बाटली काढली, माझ्या चेहऱ्यावर, हातांवर पाणी मारलं आणि नवऱ्याला दरडावलं की हिला आता वर जाऊ देऊ नकोस. पाऊण तास आम्ही तिथेच बसलो. मग सावली बघत, थांबत थांबत खाली. गाडीतल्या थर्मामीटरवर आकडा होता ९९ फॅरनहाइट, म्हणजे ३७ अंश. पुण्यात यालाच आम्ही ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो.

मी वाचले वगैरे म्हणणं जरा फिल्मी होईल. पण शीटप्रमाणे मी त्या फाट्यावरून गॉवर गल्चच्या लांबच्या वाटेला लागले असते तर? पुढे सावली नाही, पाणी नाही, रेंज नाही. जुलै २०२३ मध्ये याच वाटेच्या तोंडाशी, स्वच्छतागृहाजवळ, ७१ वर्षांचे एक हायकर कोसळले आणि गेले. हवा फार तापली की ती विरळ होते आणि मदतीच्या हेलिकॉप्टरलाही तिथे उडता येत नाही. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, पण ते ‘इतर लोकांबद्दल’ होतं.

गाडीत एसी लावून बसल्यावर मला दिसलं की पाण्याची बाटली धरताना बाबांचे हात थरथरताहेत. त्यांनी स्वतः किती पाणी प्यायलं होतं? जवळजवळ नाहीच. माझ्यासाठी ठेवलं होतं.

‘‘आमच्या ग्रुपचा तो नियम कुठून आला, कधी सांगितलं नाही तुला,’’ ते म्हणाले. सत्त्याऐंशी सालचा एप्रिल. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड. निघायला उशीर, पाणी संपलेलं आणि ‘एवढं आलोय तर’ म्हणून पुढे रेटलेलं. त्यांच्या एका मित्राला ऊन लागलं. चादरीची झोळी करून पाच जणांनी त्याला उतरवला, रात्र पडेपर्यंत. ‘‘वाचला तो. पण पुन्हा कधी डोंगरावर आला नाही. आणि पुढे जाऊ या म्हणणारा मीच होतो.’’

नावाचा खरा धडा

दुपार व्हिजिटर सेंटरच्या एसीत काढली. आई तिथली एकेक पाटी वाचत होती.

डेथ व्हॅली हे नाव पडलं १८४९-५० च्या हिवाळ्यात. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर धावत सुटलेल्यांपैकी काही जण ‘शॉर्टकट’ म्हणून या दरीत शिरले आणि अडकले. त्यांनी जाताना तिला हे नाव दिलं. पण ज्यांचं हे घर आहे ते टिंबिशा शोशोनी लोक त्यांच्या कितीतरी आधीपासून इथे राहत होते आणि आजही फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आहे. २००० साली अमेरिकेने कायदा करून त्यांची काही जमीन त्यांना परत दिली. खाली दरीत मेस्किटच्या शेंगा गोळा करायच्या आणि उन्हाळा तापला की सगळ्यांनी वर डोंगरात जायचं, पाइनच्या बिया खायच्या, हा त्यांचा पूर्वापार क्रम.

‘‘म्हणजे बघ,’’ आई म्हणाली, ‘‘ज्यांना कळत होतं ते वेळेवर निघून जायचे. ज्यांना घाई होती ते अडकले.’’

माझ्या शीटवरचे उरलेले सगळे दुपारचे स्पॉट्स मी तिथेच खोडले. आर्टिस्ट्स पॅलेट, गंधकी-गुलाबी-हिरव्या डोंगरांचा तो रस्ता, गाडीतूनच पाहिला. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चौघंही बॅडवॉटरला गेलो. मागच्या कड्यावर, खूप उंचावर एक छोटी पाटी आहे : समुद्रसपाटी. म्हणजे समुद्र आत आला तर पंचवीस मजल्यांएवढं पाणी आपल्या डोक्यावर! आईने मिठाच्या षटकोनी नक्षीवर बोट फिरवून चाटून पाहिलं. ‘‘खारट,’’ अशी अधिकृत घोषणा केली. गुडघे सांभाळत ती त्या सपाट मिठावर चांगली अर्धा मैल चालली. हे माझ्या शीटमध्ये ‘२० मिनिटं’ होतं. आम्ही तीन तास थांबलो.

अंधार पडला आणि आकाश उघडलं. २०१३ मध्ये या पार्कला आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क हा मान मिळालाय, तो उगाच नाही. बाबांनी सप्तर्षी दाखवले, मग ध्रुव. ‘‘पुण्यापेक्षा दुप्पट उंच दिसतोय बघ.’’ खरंच! ध्रुव आपल्या अक्षांशाएवढ्या उंचीवर दिसतो. पुणे साडेअठरा, ही दरी साडेछत्तीस. हे मला कुठल्याही ट्रॅव्हल साइटने सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी

पहाटे सव्वापाचला निघून मेस्किट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या गाठल्या. वाळू गार होती. आई अनवाणी चालली. वाळूवर रात्रीच्या वर्दळीचे ठसे : किड्यांची टाक्यांसारखी नक्षी आणि कांगारू रॅट नावाच्या उंदराच्या उड्या. हा पठ्ठ्या आयुष्यभर पाणी प्यायलाच नाही तरी जगतो, बियांमधूनच त्याला लागेल तेवढं मिळतं. आम्ही मात्र माणशी चार लिटर घेऊन.

प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी रात्रीच लिहिलं होतं : परत फिरणे ८.३०. बाबा आणि मी सगळ्यात उंच टेकडीकडे निघालो. वाळूत दोन पावलं पुढे, एक मागे. साडेआठ वाजले तेव्हा माथा साधारण पन्नास पावलांवर होता. बाबांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘पन्नासच तर पावलं आहेत गं...’’

‘‘बाबा. परत.’’

खाली आई बूट हातात घेऊन उभी होती. ‘‘झालं वर जाऊन?’’ तिने विचारलं.

‘‘नाही,’’ आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

‘‘बरं झालं. भूक लागलीये.’’

तुमचा प्लॅन करताना

कधी? नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. एप्रिलमध्ये दुपारची सरासरी ३२-३३ अंश, मेमध्ये ३८, जूनमध्ये ४३. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर खालच्या भागात हायकिंग करूच नका, असं पार्क स्वतः सांगतं. पाऊस चांगला झालेल्या वर्षी वसंतात रानफुलांचा बहर येतो. २००५ आणि २०१६ चे बहर गाजले होते.

कसं? लास वेगासहून सुमारे १२० मैल. गाडी हवीच, सार्वजनिक वाहन नाही. पेट्रोल पार्कमध्ये दोन-तीन ठिकाणीच आणि महाग. आधीच्या गावात टाकी भरा. प्रवेश शुल्क गाडीमागे, सात दिवस चालतं. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

मुक्काम? फर्नेस क्रीक आणि स्टोव्हपाइप वेल्स सोयीचे. सीझनला काही महिने आधी बुक करा.

फोन? बहुतेक ठिकाणी रेंज नाही. फक्त जीपीएसवर विसंबू नका. बंद पडलेल्या वाटांवर नेऊन सोडल्याची उदाहरणं आहेत. कागदी नकाशा घ्या, निघण्याआधी रस्ते चालू आहेत का ते पाहा आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा.

बॅगेत काय? माणशी चार लिटर पाणी, शिवाय गाडीत जास्तीचं. मीठ-साखर किंवा ओआरएस, चिक्की, रुंद काठाची टोपी, सुती ओढणी, लांब बाह्यांचा फिकट शर्ट. डोकं दुखलं, मळमळलं किंवा उन्हात थंडी वाजली तर तिथेच सावलीत बसा. पुढे जाऊ नका. पाण्याची सॅक कुणाकडेही ठेवून ‘पळत जाऊन येते’ म्हणू नका.

आणि शीट बनवणार असाल, तर उजवीकडे एक कॉलम जास्तीचा ठेवा. ए-फोरमध्ये बसत नसेल तर एखादा स्पॉट कमी करा.